चाकू निवडताना: आधी जाडी, मग मूठ, पोलाद शेवटी

चाकूची जाहिरात पोलादाच्या नावानं सुरू होते, म्हणून घेणाराही तिथूनच सुरुवात करतो. पण चाकू हातात आल्यावर तो कसा कापतो हे सगळ्यात आधी पात्याची जाडी ठरवते. एकाच पोलादाचे दोन चाकू घ्या, एकाची पाठ ५ मि.मी. जाड, दुसऱ्याची अडीच. दोन्हींना सारखीच धार लावून जाडजूड गाजर आडवं कापून बघा. अडीचचं पातं खालपर्यंत सरळ उतरतं. पाचचं पातं अर्ध्यावर जातं आणि कट् असा आवाज होऊन गाजर फुटतं. धारेनं वाट केलेली असते, पण मागची जाडी त्या वाटेत मावत नाही आणि पातं पाचरीसारखं वागायला लागतं. पुठ्ठा कापताना हीच जाडी दोन्ही बाजूंनी घासत राहते आणि दहाव्या खोक्याला मनगट भरून येतं.

म्हणून दुकानात किंवा वेबसाइटवर जाण्याआधी एका कागदावर मागच्या महिन्यात चाकूनं काय काय कापलं ते लिहा. बहुतेकांची यादी पाकिटं, खोकी, दोरी, प्लॅस्टिकची पट्टी, फळं इथेच संपते. बाहेर मुक्कामाला जाणाऱ्यांच्या यादीत आणखी तीन-चार कामं येतात: तंबूच्या खुंटीला टोक काढणं, पेटवणासाठी लाकडाच्या बारीक कुरळ्या साली काढणं, स्वयंपाकाची चिरणी. ओंडके फोडणं हे कुऱ्हाडीचं आणि करवतीचं काम आहे. त्या एका कामासाठी ६ मि.मी. जाडीचा चाकू घेतला की बाकीची सगळी कामं वाईट होतात.

आकडे ढोबळमानानं असे धरा. रोज खिशात ठेवायच्या घडीच्या चाकूचं पातं ७ ते ८.५ सें.मी. लांब, पाठ २ ते ३ मि.मी. बाहेर वापरायच्या, घडी न होणाऱ्या चाकूचं पातं ९ ते ११ सें.मी., पाठ २.५ ते ३.५ मि.मी. बारा सें.मी.च्या पुढे टोक बोटांपासून इतकं लांब जातं की बारीक काम नीट जमत नाही. हे आकडे पुरतात याचा पुरावा म्हणून दोन स्वस्त आणि खूप वापरले जाणारे चाकू बघता येतील: ऑपिनेल कंपनीच्या नंबर ८ चं पातं साडेआठ सें.मी. लांब आणि २ मि.मी.पेक्षाही पातळ आहे, तर मोरा कंपनीच्या ‘कंपॅनियन’ चाकूचं पातं सुमारे १० सें.मी. लांब आणि अडीच मि.मी. जाड आहे.

धारेच्या लगेच मागची जाडी

पाठीची जाडी जाहिरातीत लिहिलेली असते. त्याहून महत्त्वाची जाडी कुठेच लिहिलेली नसते: धारेचा चकचकीत पट्टा जिथे संपतो, तिथली. रोजच्या चाकूत ती ०.३ ते ०.५ मि.मी. असावी, लाकडावर चालणाऱ्या चाकूत थोडी जास्त चालते. व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) नसेल तर तो पट्टाच बघा. दर बाजूला २० अंशांची धार असेल आणि मागची जाडी ०.४ मि.मी. असेल, तर पट्टा जेमतेम अर्ध्या मि.मी.हून थोडा रुंद दिसतो. जाडी ०.८ असेल तर तोच पट्टा सव्वा मि.मी.च्या जवळ जातो. म्हणजे पट्टा जितका रुंद, तितकं पातं मागे ठोकळ. हा नियम पाठीपासून उतार दिलेल्या पात्यांना लागू होतो. मोरा चाकूंसारख्या ‘स्कँडी’ नावाच्या घडणीत दुसरा बारीक पट्टा सहसा नसतो, मोठा उतार थेट धारेपर्यंत जातो. अशी धार लाकडात छान चावते आणि दगडावर तो उतार आपोआप टेकतो, त्यामुळे धार लावायला शिकणाऱ्यांना ती सोपी जाते.

मिश्र कामांसाठी मात्र पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतार दिलेलं पातं घ्यावं असं आमचं मत आहे. आतून खोलगट घासलेलं पातं अफलातून पातळ कापतं, पण जाड वस्तूत शिरलं की खोलगट भाग संपतो तिथे अडकतं.

टोक पाठीकडून हलकं खाली उतरलेलं असावं, म्हणजे ते मजबूत राहतं आणि हाताच्या रेषेत येतं. अर्धं पातं दातेरी असलेले चाकू दिसायला कामाचे वाटतात. पण दाते मुठीजवळ असतात, आणि लाकूड तासायला सगळ्यात जास्त जोर तिथेच मिळतो. शिवाय ते सपाट दगडावर धारदार होत नाहीत, निमुळती कांडी लागते. दिवसभर जाड दोरच कापायचे असतील तरच दातेरी घ्या.

घडीचा की सलग

घडीच्या चाकूची मर्यादा त्याच्या सांध्यात आहे. सांधा कितीही चांगला असला तरी पाठीवर ठोके मारायला, पिळायला किंवा उचकटायला तो बनवलेला नसतो. सांध्यात रस, माती, वाळू जाते. एकच चाकू घ्यायचा असेल आणि महिन्यातले बहुतेक दिवस तो खिशात राहणार असेल तर घडीचा; मुक्काम आणि लाकूडकाम नेहमीचं असेल तर सलग, म्हणजे घडी न होणारा.

घडीचा चाकू हातात घेतल्यावर ही तपासणी करा. पातं पूर्ण उघडा आणि खटका (उघडं पातं जागेवर अडवून धरणारा भाग) बसू द्या. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरून वर-खाली हलवा. वर-खाली हलणं म्हणजे खटका नीट बसत नाही, असा चाकू परत करा. डावी-उजवीकडे किंचित हलत असेल तर सांध्याचा स्क्रू पाव फेरा आवळून बहुधा भागतं. आतून सरकणाऱ्या पत्तीचा खटका असेल तर पत्ती पात्याच्या बुडाच्या साधारण पाव ते अर्ध्या रुंदीवर टेकलेली हवी. फक्त कडेवर टेकली असेल तर दाबाखाली निसटू शकते, आणि नव्यातच पलीकडच्या टोकाला पोचली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. मग बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून पाठ जाड पुस्तकावर हळूहळू दाबा. खटका हलता कामा नये. पाठ टेबलावर आपटून बघू नका, त्यात चांगला खटकाही खराब होतो. शेवटी पातं मिटून वरून बघा: ते दोन्ही बाजूंच्या मधोमध असावं, एका भिंतीला घासत नसावं.

सांध्यात बेअरिंग असलेलं पातं झटकन उघडतं, पण वाळू गेली की करकरतं. धुळीत, किनाऱ्यावर वापरायचं असेल तर साध्या ब्राँझच्या वॉशरचा सांधा बरा.

सलग चाकूत पातं मुठीत किती आत गेलंय ते विचारा. मुठीच्या पूर्ण रुंदीचं आणि लांबीचं पोलाद सगळ्यात भक्कम, पण जड आणि थंडीत हाताला बोचणारं. मुठीत लपलेली अरुंद शेपटी वाईट असतेच असं नाही. ती मुठीच्या तीन-चतुर्थांश लांबीपर्यंत जात असेल तर रोजच्या कामाला पुरते. अशी पाती मोडतात ती बहुधा पातं जिथे शेपटीला मिळतं तिथे, आणि कारण असतं तिथला काटकोनी कोपरा. सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. कोपरा गोलसर घासलेला असेल तर ताण वाटला जातो.

मूठ

चाकू मुठीत घट्ट आवळा आणि एक मिनिट तसाच धरा. सोडल्यावर तळहातावर लाल ठसा कुठे उमटला ते बघा. तिथेच अर्ध्या तासाच्या कामानंतर फोड येणार. हा ठसा बऱ्याचदा खिशाला अडकवायच्या क्लिपचा, रिव्हेटच्या डोक्याचा किंवा बोटांसाठी केलेल्या खोबणींचा असतो. खोल खोबणी ज्याच्या बोटांच्या मापानं केल्यात त्यालाच बसतात, आणि पकड बदलली की टोचतात. चारही बोटं मावतील अशी १० ते १२ सें.मी. लांबीची, मधे थोडी फुगीर, कडा गोल केलेली साधी मूठ सगळ्यांना चालते.

पुढच्या बाजूला, तर्जनीसमोर, छोटासा उंचवटा हवा. ओल्या हातानं चाकू पुढे ढकलताना बोटं घसरून थेट धारेवर जातात, ते हा उंचवटा अडवतो. फायबर भरलेलं नायलॉन, जी-टेन (रेझिनमध्ये दाबलेलं काचेच्या धाग्याचं कापड) आणि मायकार्टा (रेझिनमध्ये दाबलेलं साधं कापड किंवा कागद) पाण्याला दाद देत नाहीत. लाकूड हाताला सगळ्यात छान लागतं, पण ओलं झालं की फुगतं, आणि लाकडी मुठीच्या घडीच्या चाकूत पातं अडकून बसतं. रंग भडक घ्या, नारिंगी किंवा पिवळा. पाचोळ्यात पडलेला हिरवा-तपकिरी चाकू सापडत नाही.

आता पोलाद

दोनच प्रश्न आहेत: गंज किती चालेल, आणि धार कोण लावणार.

१०९५ सारख्या कार्बन पोलादात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. ते पटकन धारदार होतं, पण फळ चिरून तसंच ठेवलं की तासाभरात काळे डाग पडतात. राखाडी-निळसर थर हा वापराचा रंग आहे, त्याची काळजी नको. तांबूस पावडर म्हणजे गंज, तो लगेच तेल लावून घासून काढा. स्टेनलेसमध्ये क्रोमियम साधारण १३ टक्के किंवा जास्त असतं. १२सी२७, १४सी२८एन ही साधी, बारीक कणांची स्टेनलेस पोलादं रोजच्या वापराला पुरेपूर आहेत. डी२ मध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असूनही ते डागाळतं, कारण बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलेलं असतं आणि गंज अडवायला मोकळं राहत नाही. डी२ ची धार टिकते खूप, पण बोथट झाल्यावर साध्या दगडावर घाम काढते.

कडकपणा रॉकवेल सी मापावर लिहिलेला असतो. ५६ ते ६० च्या पट्ट्यात राहा. त्याखाली धार दुमडते, फार वर गेलं की तडकून टवके उडतात. आणि हा आकडा येतो पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे ते तापवून थंड कसं केलंय, त्यावरून. चांगलं पाणी दिलेलं साधं पोलाद, घाईत पाणी दिलेल्या महागड्या पोलादापेक्षा जास्त टिकतं.

धार लावायची तयारी

चाकूसोबतच १००० ग्रिटचा एक दगड घ्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). टवके काढायला ४०० चा आणि शेवटच्या सफाईला ३००० चा दगड नंतर घेतला तरी चालेल. कोनाचा अंदाज असा येतो: पातं २५ मि.मी. रुंद असेल तर २० अंशांसाठी पाठ दगडापासून साडेआठ मि.मी. वर हवी, १५ अंशांसाठी साडेसहा. रोजच्या पातळ चाकूला १५ ते १८, लाकडावरच्या चाकूला २० ते २२ अंश.

धारेच्या पट्ट्यावर काळा मार्कर फिरवा आणि दोन-तीन हात मारून बघा. शाई धारेजवळ तशीच राहिली तर पाठ खूप खाली आहे, फक्त धारेवरचीच गेली तर खूप वर. एका बाजूनं घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला संपूर्ण लांबीवर बोटाला उलटलेली बारीक कोर लागत नाही. बोट पाठीकडून धारेकडे न्या, धारेच्या लांबीवर कधीच फिरवू नका. कोर लागायच्या आधीच बाजू बदलणं, हीच धार न लागण्याची सगळ्यात नेहमीची चूक. दुसऱ्या बाजूलाही कोर आली की दाब कमी करत आलटून-पालटून हात मारा आणि चामड्यावर पाठ पुढे ठेवून दहा-पंधरा वेळा ओढा. कोर राहून गेली तर चाकू पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी बोथट होतो. विजेच्या ग्राइंडरवर धार लावू देऊ नका. कड निळी पडली म्हणजे तिथलं पाणी उतरलं, आणि तो भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही.

म्यान उलटं धरून हलवा. चाकू निसटता कामा नये. तळाला पाणी निथळायला भोक असावं. चामड्याचं म्यान नेताना चांगलं, पण चाकू महिनोन्‌महिने त्यात ठेवू नका: चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत डागाळतं. बाहेर नेण्याआधी पात्याची लांबी आणि खटका याबद्दलचे तिथले नियम बघून घ्या, ते जागोजागी वेगळे आहेत. विमानात चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही.

खाऱ्या पाण्यात वापरलेला घडीचा चाकू गोड्या पाण्यात उघड-मीट करत धुवा, पूर्ण वाळू द्या आणि सांध्यात एकच थेंब पातळ तेल सोडा. जास्त तेलाला धूळ चिकटते आणि सांधा पुन्हा जड होतो. खाण्याची वस्तू कापणार असाल तर ते तेल खाण्याजोग्या दर्जाचं मिनरल तेल असू द्या.