जपानीत जुन्या काळाबद्दल बोलताना या चुका टाळा

शब्दकोशात ‘प्राचीन’साठी ‘कोदाई’ सापडतो आणि मग रायगड कोदाई, पेठेतला वाडा कोदाई, आजोबांचं बालपणही कोदाईच! कोदाई हा इतिहासाच्या पुस्तकातला कालखंड आहे. जपानपुरता तो हेइआन काळाबरोबर, म्हणजे साधारण बाराव्या शतकाच्या अखेरीस संपतो. १६०३ पासूनचा एदो काळ ‘किन्सेई’त, म्हणजे आधुनिक काळाच्या आधीच्या कालखंडात मोडतो. शिवराज्याभिषेक १६७४ चा, म्हणजे एदो काळातलाच. त्यामुळे रायगडाला ‘ज्यूनाना-सेइकी नो शिरो’ म्हणा, सतराव्या शतकातला किल्ला. वाद नाही, गोंधळ नाही.

आजोबांच्या बालपणाला ‘मुकाशी’, म्हणजे ‘पूर्वी’, लावा. हा शब्द हवा तसा ताणता येतो. ‘ज्यूनेन हितोमुकाशी’ अशी म्हण आहे, म्हणजे दहा वर्षं उलटली तरी मुकाशी. गोष्टीतलं ‘मुकाशी मुकाशी’ म्हणजे आपलं आटपाट नगर. फारच मागे जायचं असेल तर ‘ओओमुकाशी’. ‘ताइको’ही चालतो, पण तो पुस्तकी, आणि ढोलालाही ‘ताइको’च म्हणतात, त्यामुळे बोलताना समोरच्याला आधी ढोलच आठवायचा.

आपण ‘पूर्वीच्या काळी’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘मुकाशी नि’ लिहितो (‘नि’ म्हणजे आपला ‘-त’ किंवा ‘-ई’ प्रत्यय). वाक्याच्या सुरुवातीला ‘नि’ गाळा: ‘मुकाशी, पुणे नि सुंदे इमाशिता’, म्हणजे पूर्वी मी पुण्यात राहत होतो. कोदाई आणि एदो जिदाई (एदो काळ) यांना मात्र ‘नि’ लागतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक इसवी सन पूर्वची. ‘पूर्व’ म्हणजे ‘माए’ असं धरून अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांना ‘नि-सेइकी माए’ म्हटलं, तर अर्थ होतो दोन शतकांपूर्वी. त्या सुमारास, १८१९ मध्ये, ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथला ही लेणी नुसती दिसली होती! बरोबर शब्द ‘किगेनझेन’, आणि तो आकड्याच्या आधी येतो: ‘किगेनझेन नि-सेइकी’.

आकड्यांचे उच्चारही बदलतात. वेरूळचं कैलास मंदिर आठव्या शतकातलं, ते ‘हास्सेइकी’, ‘हाचि-सेइकी’ नव्हे. तीन हजार वर्षांपूर्वी म्हणजे ‘सान्झेन-नेन माए’. लाखाला वेगळा शब्द नाही, दहा ‘मान’ (एक मान म्हणजे दहा हजार) मोजायचे: ‘ज्यूमान-नेन माए’.

आणि वयस्कर माणसाला ‘फुरुई हितो’ म्हणू नका. फुरुई वस्तूला, इमारतीला, फार तर जुन्या मित्राला. पूर्वीच्या काळची माणसं म्हणायची असतील तर ‘मुकाशी नो हितो’.