एकट्या डेव्हलपरने कामाची नोंदवही कशी ठेवावी

कोणत्याही कंपनीच्या हजेरीपटावर नाव नसताना स्वतःचे सॉफ्टवेअर बनवून विकणारा माणूस सकाळी कामाला बसतो, तेव्हा त्याला पडणारा पहिला प्रश्न कोडचा नसतो, तर काल आपण नेमके कुठे थांबलो होतो, हा असतो. कंपनीत या प्रश्नाचे उत्तर तीन ठिकाणी विखुरलेले असते. सकाळच्या बैठकीत कोणी आठवण करून देते, टेस्टिंग करणारी सहकारी अडलेले काम विचारायला येते आणि मॅनेजरने पाठवलेली यादी तर असतेच. एकट्याने काम करणाऱ्याच्या बाबतीत ही सगळी माणसे एकाच डोक्यात राहायला असतात आणि ते डोके एकदा झोपले की सगळ्यांनाच एकदम विसर पडतो. त्यामुळे कोड लिहायचा एडिटर, सर्व्हर किंवा प्रोग्रॅमिंगची भाषा निवडण्याआधी स्वतंत्र डेव्हलपरने एक नोंदवही सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती कशी ठेवावी, हे पुढे सांगितले आहे.

ही नोंदवही म्हणजे दैनंदिनी नव्हे आणि करायच्या कामांची यादीही नव्हे. दैनंदिनीत मनाची अवस्था येते आणि यादीत उद्याची स्वप्ने येतात. नोंदवहीत मात्र आज काय केले, काय पाहिले, काय ठरवले आणि का ठरवले, एवढेच लिहावे.

साधन शक्य तितके साधे असावे. मी दर वर्षाची एक साधी मजकूर फाईल ठेवतो आणि प्रत्येक दिवसाच्या नोंदीला २०२५-०३-१४ अशा पद्धतीने, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असे शीर्षक देतो. १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या मानकातील ही पद्धत डेव्हलपरला विशेष सोयीची आहे, कारण नोंदी नुसत्या अक्षरानुक्रमे लावल्या तरी त्या आपोआप कालानुक्रमे लागतात. कागदी वही हाताला आवडते हे खरे, पण दोन वर्षांपूर्वीचा एखादा एरर-संदेश तिच्यात शोधता येत नाही आणि शोधता न येणारी नोंद आपल्या धंद्यात जवळजवळ निरुपयोगी ठरते. येथे एक धोक्याची सूचना देणे भाग आहे. नोंदवही ठेवायचे ठरवल्यावर आपल्या जातकुळीच्या माणसाला पहिला मोह होतो तो नोंदवहीचे ॲप बनवण्याचा. मी त्या मोहात सलग दोन शनिवार-रविवार घालवले. त्या ॲपला एकच वापरकर्ता मिळाला आणि महिन्याभरात त्यानेही ते सोडले.

नोंद केव्हा करावी, याचे उत्तर उपकरणापेक्षा महत्त्वाचे आहे. दिवसाच्या शेवटी सगळे आठवून लिहू, असे म्हणणाऱ्याच्या हाती फक्त सारांश उरतो आणि कामाचा तपशील वाटेतच गळून पडतो. काम बदलताना, अडल्यावर आणि उठण्याआधी, अशा तीन वेळी एक-दोन वाक्ये लिहावीत. अडल्यावर लिहिण्याचा एक वेगळाच फायदा असा, की प्रश्न पूर्ण वाक्यात मांडताना अर्ध्या वेळा उत्तर तेथेच सापडते. टेबलावर रबराचे बदक ठेवून त्याला कोड समजावून सांगण्याची जी पद्धत डेव्हलपर मंडळींत प्रसिद्ध आहे, तिच्यामागचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच, की बदक काही लिहून ठेवत नाही.

उठण्याआधीच्या शेवटच्या नोंदीत उद्याची पहिली कृती लिहावी, आणि ती इतकी बारीक असावी की सकाळी विचार न करता हात चालू लागावेत. ‘इम्पोर्टचे काम पुढे नेणे’ ही वाईट नोंद आहे, कारण ती वाचून माणूस आधी मेल उघडतो. ‘शेवटची ओळ रिकामी असलेल्या फाईलची टेस्ट नापास होत आहे, ओळी मोजणारे फंक्शन एक जास्त मोजत असावे, तेथून सुरू करणे’ ही चांगली नोंद आहे (टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का, हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम). मी कधी कधी संध्याकाळी एक टेस्ट मुद्दाम नापास अवस्थेत सोडतो, म्हणजे सकाळी नापास टेस्टची ती लाल ओळच मला कामाला लावते.

नोंद कशी असावी याचा उत्तम नमुना ९ सप्टेंबर १९४७ या दिवसाचा आहे. हार्वर्डच्या मार्क २ या संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचमध्ये, एक पतंग (उडणारा कीटक) अडकलेला सापडला आणि तो चालकांनी कामाच्या वहीत चिकटपट्टीने डकवून ठेवला. ती वही आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. बग (मूळ अर्थ किडा) या शब्दाचा जन्म त्या दिवशी झाला, असे सर्रास सांगितले जाते, पण ते खरे नाही. यंत्रातील दोषाला बग म्हणण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. मला त्या पानावर पतंगापेक्षा त्याच्याजवळचा मजकूर मोलाचा वाटतो: वेळ पंधरा पंचेचाळीस, पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०. कधी, कुठे आणि काय, हे तीन तपशील दिले आहेत आणि पुरावा शेजारीच चिकटवला आहे. आपल्याला पतंग सापडत नाही. आपण एरर-संदेश जसाच्या तसा, सॉफ्टवेअरच्या आवृत्तीच्या क्रमांकासह चिकटवावा. ‘काहीतरी परवानगीची अडचण येत होती’ असे स्वतःच्या शब्दांत लिहू नये, कारण पुढे शोधताना आपण तो संदेशच शोधणार असतो.

बगच्या नोंदीने किती वेळ वाचतो, हे मी स्वतः किंमत मोजून शिकलो. भेटींच्या नोंदी ठेवणाऱ्या माझ्या एका ॲपबद्दल एका ग्राहकाने कळवले, की दहा तारखेला ठरवलेली भेट नऊ तारखेला दिसते. माझ्या संगणकावर ती दहालाच दिसत होती. मी आधी डेटाबेसवर संशय घेतला, मग कॅलेंडरच्या लायब्ररीवर (इतरांनी लिहिलेल्या आयत्या कोडवर) आणि शेवटी, खोटे कशाला बोला, ग्राहकावरही. पूर्ण दीड दिवस गेल्यावर कारण सापडले. जावास्क्रिप्टला नुसती तारीख मजकूर म्हणून दिली, तर ती भाषा त्या दिवसाची जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र धरते. त्याच मजकुरापुढे वेळ जोडली आणि वेळक्षेत्र सांगितले नाही, तर मात्र तीच भाषा स्थानिक वेळ धरते. ग्रीनिचच्या पश्चिमेला बसलेल्या माणसाच्या घड्याळात जागतिक मध्यरात्र म्हणजे आदल्या दिवसाची संध्याकाळ, म्हणून त्याला नऊ तारीख दिसत होती. माझे घड्याळ प्रमाणवेळेच्या पुढे असल्याने मला हा दोष दिसणेच शक्य नव्हते.

येथपर्यंतची गोष्ट कोणत्याही डेव्हलपरची आहे. लाज वाटण्याजोगा भाग पुढे आहे. दुरुस्ती करताना जुना कोड चाळला, तेव्हा माझ्याच दुसऱ्या एका प्रकल्पात हीच चूक, हीच दुरुस्ती आणि तिच्यावर ‘तारखेचा गोंधळ निस्तरला’ एवढीच टीप मिळाली. म्हणजे तो दीड दिवस मी एकदा आधीच खर्च केला होता. तेव्हापासून प्रत्येक बगच्या नोंदीत मी चार गोष्टी लिहितो: ग्राहकाला काय दिसले, मला आधी काय वाटले, खरे कारण काय निघाले आणि हा दोष मला आधीच का दिसला नाही. चौथे उत्तर लिहायला सर्वांत त्रासदायक असते आणि कामाला तेच येते. वरील प्रसंगात त्यातून एक नियम निघाला, की तारखेशी संबंधित प्रत्येक टेस्ट किमान दोन वेळक्षेत्रांत, एक प्रमाणवेळेच्या पुढचे आणि एक मागचे, चालवायची.

चुकांची अशी नोंद ठेवण्यात कमीपणा वाटत असेल, तर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांचे उदाहरण पाहावे. अक्षरजुळणीसाठी बनवलेल्या टेख या प्रणालीतील चुका त्यांनी १९७८ पासून टिपून ठेवल्या आणि १९८९ साली त्या यादीसह एक लेख प्रसिद्ध केला. चुकांचे त्यांनी १५ वर्ग पाडले होते आणि प्रत्येक वर्गाला एक अक्षर दिले होते. विसरलेले काम वेगळे, टंकनातली किरकोळ चूक वेगळी, दोन भागांचा एकमेकांशी न बसलेला मेळ वेगळा. एकट्या माणसाला १५ वर्गांची गरज नाही. मी पाच ठेवले आहेत आणि त्यांतला ‘गृहीत धरले’ हा वर्ग इतर चारांना मिळून भारी पडतो.

निर्णयांच्या नोंदी थोड्या असतात, पण त्या सावकाश लिहाव्यात. काय ठरवले, का ठरवले आणि कोणता पर्याय नाकारला, हे तर लिहावेच. शिवाय कोणती परिस्थिती आली असता हा निर्णय पुन्हा तपासावा, हेही लिहावे. माझ्या वहीतील एक नोंद अशी आहे (तिच्यातील एसक्यूलाइट म्हणजे सगळी माहिती एकाच फाईलमध्ये साठवणारा छोटा डेटाबेस): ‘ग्राहकाची माहिती सर्व्हरवर न ठेवता त्याच्याच उपकरणावर एसक्यूलाइटच्या फाईलमध्ये ठेवायची. कारण सर्व्हर सांभाळायला रात्री उठणारा दुसरा माणूस माझ्याकडे नाही आणि एसक्यूलाइट २०५० पर्यंत सांभाळण्याचा इरादा तिच्या कर्त्यांनी जाहीर केला आहे. सर्व्हरचा पर्याय नाकारला. एकाच माहितीवर दोन माणसांना एकाच वेळी काम करायचे आहे, असे पैसे भरणारे दहा ग्राहक सांगतील, तेव्हा पुन्हा विचार.’ या शेवटच्या वाक्यामुळे, नवे तंत्रज्ञान पाहून सगळे पुन्हा लिहून काढण्याची उबळ आली, की मी आधी ग्राहक मोजतो. आजवर ते चार झाले आहेत.

कोडमधील बदलांचा इतिहास जपणारे गिट वापरत असताना वेगळी वही कशाला, असा प्रश्न येथे रास्त आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलेले हे साधन कोड कधी आणि कसा बदलला, हे चोख सांगते. बायसेक्ट या आज्ञेने हजार कमिटमधून (कमिट म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला कोडचा एक बदल) दोष आणणारा कमिट साधारण दहा तपासण्यांत हुडकता येतो, कारण प्रत्येक तपासणीत उरलेले कमिट निम्मे होतात. मात्र तुम्ही जे करून पाहिले आणि टाकून दिले, त्याचा कमिट सहसा होतच नाही. तीन दिवस झगडून नाकारलेली लायब्ररी गिटच्या इतिहासात कोठेच दिसत नाही आणि वर्षभराने तुम्ही तिच्याच वाटेला जाता. दोहोंची सांगड घालण्यासाठी वहीतील नोंदीत कमिटचा क्रमांक आणि कमिटच्या संदेशात नोंदीची तारीख लिहावी.

पासवर्ड, गुप्त डिजिटल चाव्या आणि ग्राहकांची नावे वहीत कदापि लिहू नयेत. ग्राहकाची तक्रार त्याच्या शब्दांत उतरवावी, पण ओळख पटेल असे सर्व काही गाळून. फाईलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर कोठेतरी असावी.

लिहिलेले वाचले नाही, तर हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. आठवड्याच्या शेवटी अर्धा तास वही वाचायला ठेवावा आणि त्या वेळी प्रत्येक कामापुढे आपला आधीचा अंदाज व प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी-शेजारी मांडावेत. माझे कोड लिहिण्याचे अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतात, असे त्यातून दिसले आणि मला मोठे नवल वाटले. चुकतात ते इतर सगळे अंदाज: मदतीचा मजकूर, नवे स्क्रीनशॉट, ॲप स्टोअरची मंजुरी आणि जुन्या आवृत्तीतून नव्यात येणाऱ्यांच्या माहितीचे स्थलांतर. आता कोणतेही नवे वैशिष्ट्य ठरवताना या चार ओळी मी आधी लिहितो आणि कोडची ओळ शेवटी.

खंड पडेलच. आजारपण येते, रिलीजच्या धांदलीत आठवडा निघून जातो, कधी नुसताच कंटाळा येतो. अशा वेळी गेलेले दिवस आठवून भरत बसू नये. ते काम एका दुपारचे वाटते आणि वही कायमची बंद पाडते. एक रेघ ओढावी, खाली आजची तारीख घालावी आणि आत्ता स्क्रीनवर जी फाईल उघडी आहे, तिच्याबद्दल एक वाक्य लिहावे.