एकाच नावाचे दोन पीसी आणि सर्व्हर अडला? या चुका टाळा

दिवाळीनंतर जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची लाइन लागलेली असते, आणि नेमका त्याच वेळी काट्यावरचा पीसी सर्व्हरले जुडत नाही. स्क्रीनवर इंग्रजीत मेसेज येतो की नेटवर्कवर डुप्लिकेट नेम आहे, एरर ५२. पावती निघत नाही, शेतकरी सकाळपासून उभा, मुनीम म्हणतो "भाऊ, काल तर चालू होता, आज काहून बंद पडला?" आमच्या यवतमाळकडे मी हे दोन-तीन जिनिंगवर पाह्यलं, एका कॉलेजच्या लॅबमधेही पाह्यलं, आणि दरवेळी वेळ वाया गेला तो एकाच गोष्टीत, जो पीसी एरर दाखवतो त्यालेच सगळे खोलून बसतात. अहो तो बिचारा बाहेर राह्यलेला आहे, नाव घेऊन बसलेला दुसराच कोणीतरी आहे, त्याले आधी शोधा.

हे होतं कसं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाते. विंडोज चालू झालं की पीसी नेटवर्कवर हाक मारतो, हे नाव माझं, कोणाचं आहे का आधीच? ज्याने आधी घेतलं तो नाही म्हणतो आणि मागून आलेला कॉन्फ्लिक्टमधे जातो. म्हणून लोडशेडिंगनंतर लाइन आली की सगळे पीसी एकदम उठतात आणि जो आधी उठला त्याचं नाव, आज एरर ऑफिसात, उद्या काट्यावर. लोक समजतात केबल खराब आहे, स्विच बदलवतात, पैसे जातात.

शोधायचं असं. इव्हेंट व्ह्यूअरमधे सिस्टम लॉग उघडा, सोर्स नेटबीटी, नंबर ४३१९ किंवा ४३२१ पाहा. ४३२१ असेल तर ज्याने नाव घेऊ दिलं नाही त्याचा आयपी मेसेजमधेच सरळ लिहिलेला असतो, ४३१९ मधे तो खाली डेटामधे हेक्समधे असतो. मग कमांड प्रॉम्प्टवर एनबीटीस्टॅट, स्पेस, डॅश आणि छोटा एन टाका, कोणतं नाव कॉन्फ्लिक्टमधे आहे ते दिसते. आता डॅश मोठा ए आणि समोर तो आयपी टाका, समोरच्याचं नाव आणि मॅक अॅड्रेस, म्हणजे त्याच्या लॅन कार्डाचा नंबर, दोन्ही येते. मॅक मिळाला की स्विचवर पोर्ट सापडतो, नाहीतर एकेक केबल काढून पाहा, छोट्या जागेत दहा मिनिटांचं काम आहे.

आता चुका. सगळ्यात जास्त त्रास देणारी म्हणजे क्लोनिंग. सेकंडहँड पीसी आणले, एकावर विंडोज टाकलं आणि तीच हार्डडिस्क बाकीच्यांवर कॉपी केली, म्हणजे दहाही पीसीचं नाव एक. नुसतं नाव बदलवून पूर्वी भागून जायचं, पण आता नाही. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२, २५एच२ वर आणि सर्व्हर २०२५ वर दोन पीसीचा एसआयडी (विंडोजचा आतला ओळख नंबर) सारखा असला तर लॉगिन आणि शेअरिंग अडते. मूळ पीसी डोमेनले (एका सर्व्हरवरून सगळे पीसी सांभाळायची व्यवस्था) जोडायच्या आधी त्यावर सिसप्रेप, म्हणजे पीसीची जुनी ओळख पुसणारं विंडोजमधलंच टूल, चालवा, जनरलाइजवर टिक करा, शटडाउन निवडा, आणि मग कॉपी करा. आधीच कॉपी करून बसले असाल तर नव्याने इमेज बनवलेलीच बरी.

दुसरी, लांब नावं. विंडोज नेटबायोससाठी, म्हणजे नेटवर्कवर नावाने पीसी ओळखायच्या जुन्या पद्धतीसाठी, फक्त १५ अक्षरं घेतं. तुम्ही इंग्रजीत जिनिंग-काउंटर-१ आणि जिनिंग-काउंटर-२ नाव ठेवलं, मोजून पाहा, जिनिंगची ७, डॅशचं १, काउंटरची ७, झाले १५, मागचे १ आणि २ कापल्या गेले आणि दोघांचं नाव एकच झालं! विंडोज तशी सूचना दाखवते, आपण न वाचता ओके दाबतो. नंबर समोर घ्या, नाव छोटं ठेवा. वर्कग्रुपचं नाव पीसीले देऊ नका, त्यानेही भांडण लागते.

डोमेन असेल तर जरा जपून. जुन्या पीसीचंच नाव देऊन नवा जोडला आणि जोडणारा तोच माणूस असला तर विंडोज चुपचाप जोडून घेतं, पण डोमेनमधल्या त्या पीसीच्या अकाउंटचा पासवर्ड बदलतो आणि जुन्या पीसीवर ट्रस्ट रिलेशनशिप तुटल्याचा मेसेज येतो. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून दुसऱ्या कोणी जोडायचा प्रयत्न केला तर ते अडवल्या जाते, रजिस्ट्रीत छेडछाड करून तो अडथळा काढायची जुनी युक्ती ऑगस्ट २०२४ च्या अपडेटपासून चालत नाही, आणि तो अडथळा तुमच्याच भल्यासाठी आहे. जुना पीसी खरंच भंगारात गेला असेल तर आधी अॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (डोमेनमधल्या पीसी आणि लोकांची यादी) त्याचं अकाउंट आणि डीएनएसमधली (नावावरून आयपी सांगणारी सेवा) नोंद काढा, मग नवा जोडा.

एक केस अशी की डुप्लिकेट काहीच नसते तरी हाच मेसेज येतो. सर्व्हर बदलला, लोकांचे जुने शॉर्टकट चालावे म्हणून डीएनएसमधे जुन्या नावाचा एलियस (नव्या सर्व्हरचं दुसरं नाव) केला, की विंडोज सर्व्हर २००३ किंवा २००८ वाला सर्व्हर एरर ५२ देतो कारण तो स्वतःच्याच नावाले ओळखतो. दोन दिवस दुसरा पीसी शोधत बसू नका, सर्व्हरच्या रजिस्ट्रीत लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्समधे डिसेबल-स्ट्रिक्ट-नेम-चेकिंग नावाची डीवर्ड बनवून १ करा आणि सर्व्हर सर्व्हिस रीस्टार्ट करा. तसंच एका सर्व्हरले दोन लॅन कार्ड एकाच स्विचले लावले तर तो स्वतःशीच भांडतो, एका कार्डावर टीसीपी आयपीच्या विन्स टॅबमधून नेटबायोस बंद करा. फक्त त्या एका कार्डावर हं, सगळ्या पीसीवर बंद केलं तर जुनं बिलिंग सॉफ्टवेअर सर्व्हर शोधूच शकत नाही.

आणि नाव बदलवलं की रीस्टार्ट करा, मग एनबीटीस्टॅट डॅश मोठे आर आर टाकून पुन्हा छोटा एन टाका, रजिस्टर्ड दिसलं की काट्यावर पहिली पावती काढूनच घरी जा.