मे महिन्यात सोलापूर ते तुळजापूर सायकलवर: घाट, मुरूम आणि पाणी

सोलापूरहून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर साडेसहाशेच्या. अंतर नवख्यालाही झेपतं. मे महिन्यात दमछाक करतो तो घाट, कारण तो अगदी शेवटी येतो. चढावर वेग ताशी आठ-दहावर येतो, अंगाला वारा लागत नाही आणि मेहनत दुप्पट होते. म्हणून वेळ उलटी मोजा. आठच्या आत घाटमाथा गाठायचा, तर साडेचारला घर सोडायला हवं. हिप्परग्याच्या तलावापर्यंत अंधारच असतो. पुढे पांढरा, मागे लाल दिवा लावल्याशिवाय हायवेवर जाऊ नका. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. देवीच्या गाड्यांची गर्दी असते.

तामलवाडीपर्यंत डांबरी रस्ता धरा. उजाडल्यावर हवं तर गावांकडच्या मुरमाच्या वाटा घ्या. अंधारात मुरूम नको, खड्डा आणि सावली यांतला फरक कळत नाही.

टायर ३८ ते ४२ मिलिमीटर रुंद असावा. ७० किलोच्या माणसाला ट्यूब असलेल्या ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे ३५-३८, मागे ४०-४२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा पुरते. त्याहून कमी ठेवली तर खडीच्या कडेवर ट्यूब रिमशी चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पहाटेच्या गारव्यात भरलेली हवा दुपारी आपोआप तीन-चार पीएसआयने वाढते, तेव्हा टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत ठासून भरू नका. टायर ट्यूबलेस (बिनट्यूबचा) असेल तर आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, या उन्हाळ्यात लवकर वाळतं. निघण्याआधी चाक हलवून आत द्रव डचमळल्याचा आवाज येतो का ते ऐका.

इथला खरा शत्रू जमिनीवर पसरणाऱ्या सराट्याचा काटा, मग वेड्या बाभळीचा. पंक्चर झालं की आधी सावली शोधा. ट्यूब काढण्यापूर्वी वॉल्व्ह टायरवरच्या कोणत्या अक्षरासमोर आहे ते बघून ठेवा. ट्यूब भरून भोक सापडलं की ती टायरशेजारी तशीच धरायची, म्हणजे काटा कुठे असेल ते कळतं. सराट्याचं टोक बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून फडकं दोन्ही दिशांना फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे काटा. बोटाने चाचपू नका. काटा न काढता नवी ट्यूब घातलीत, तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. पॅच लावताना ट्यूब खरवडा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि चमक गेली की लगेच दाबा. या उन्हात ते पटकन सुकतं, आणि धूळ बसली तर पॅच धरत नाही. दोन ट्यूब सोबत हव्यातच. सोल्युशनची उघडलेली नळी घरी तपासून घ्या, बऱ्याचदा आत वाळलेली निघते.

चेनला तेल थापू नका. धूळ त्यात मिसळून घासपेस्ट बनते आणि दातरे खाते. चेनच्या प्रत्येक कडीवर एकेक थेंब टाका आणि वरचं पुसून घ्या.

पाण्याचा हिशोब तासाला ६०० ते ७५० मिलिलिटर, दर पंधरा मिनिटांनी चार-पाच घोट. सोलापूरची हवा कोरडी. घाम अंगावर दिसण्याआधीच उडतो, म्हणून ‘मला घाम येत नाही’ हा समज फसवा आहे. निघताना आणि परतल्यावर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे जवळपास एक लिटर पाणी कमी पडलं. एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर: लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एक लिंबू (चमचा चहाचाच). दुसऱ्या बाटलीत साधं पाणी, पिण्याला आणि डोक्यावर ओतायला. नुसतंच साधं पाणी पीत राहिलात तर अंगातलं मीठ पातळ होतं, तेही घातक. सोलापुरी टॉवेलचा नॅपकिन भिजवून मानेवर टाका. कोरड्या हवेत तो चांगला गारवा देतो. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी: उन्हात विटत नाही, मीठही मिळतं. सायकलस्वार खातात त्या पाकिटातल्या एनर्जी जेलपेक्षा स्वस्त, आणि चवीचं तर बोलायलाच नको.

घाटात हलका गिअर आधीच टाका. मुरमावर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक सरकतं, म्हणून बसूनच चढा. उतारावर पेडल आडवे समांतर, अंग मागे, ब्रेक वळणाआधी. डांबरावर मुरमाचे खडे पसरलेल्या वळणात पुढचा ब्रेक दाबलात तर पडलातच. रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर घासणारा) असेल तर सतत दाबून धरू नका. रिम तापते, हवा वाढते, पॅच सुटू शकतो. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

डोकं दुखणं, मळमळ, उन्हातही अंगावर काटा येणं ही थांबायची खूण. बोलणं असंबद्ध झालं तर उष्माघात समजा: सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

परतीला घाई नको. सायकल सावलीत लावून पाचपर्यंत तुळजापुरातच थांबा. संध्याकाळी पश्चिमेचा वारा उजवीकडून रेटतो, त्यामुळे अडीच-तीन तास धरा आणि दिवे चार्ज करून घ्या. आभाळ काळवंडून वीज कडाडायला लागली तर वळीव येणार. झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत जा.