जीआयपी रेल्वेच्या इतिहासाचे संदर्भग्रंथ कसे निवडावेत

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही ब्रिटिश काळातली रेल्वे कंपनी, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची 'जीआयपी'. हिच्यासाठी एकच पुस्तक घेऊन भागत नाही. कंपनीचा पैसा, घाटातलं बांधकाम, इंजिनं आणि स्थानकांच्या इमारती यांचे कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत तयार झाले, आणि पुढचे ग्रंथही त्याच वाटांनी गेले. तेव्हा खरेदीआधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. प्रश्न भोर घाटातल्या मजुरांचा असेल, तर इंजिनांच्या याद्यांचं जाडजूड पुस्तक कपाटात शोभून दिसेल, इतकंच.

पुस्तक हातात आलं की मागून उघडा. नामसूची नसेल तर ते वाचायला ठीक, संदर्भाला नाही. तळटीपांत नुसती इतर पुस्तकांचीच नावं दिसत असतील तर सावध व्हा. कंपनीचे सहामाही अहवाल, सरकारी पत्रव्यवहार, पुराभिलेखांतल्या खंडांचे क्रमांक यांपैकी काहीतरी असायला हवं.

मग तीन जागा तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

पहिली, १६ एप्रिल १८५३. गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. 'व्हिक्टोरिया टर्मिनसवरून सुटली' असं छापलं असेल तर लेखकाने मूळ कागद पाहिलेले नाहीत, कारण त्या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये पुरं झालं. दुसरी, 'भारतातली पहिली आगगाडी' हे शब्द. रुडकीजवळ कालव्याच्या कामावर १८५१ मध्येच वाफेचं इंजिन चाललं होतं; काळजीपूर्वक लिहिणारा 'पहिली प्रवासी गाडी' म्हणतो. तिसरी जागा सर्वांत उपयोगाची: जीआयपी सरकारकडे कधी गेली? कोणी १९०० लिहितं, कोणी १९२५. दोन्ही बरोबर आहेत. १९०० मध्ये सरकारने मालकी घेतली, पण कारभार कंपनीकडेच राहिला. तो १ जुलै १९२५ पासून सरकारकडे आला. हा फरक एका वाक्यात तरी समजावणारं पुस्तक ठेवा.

घाटाच्या आकड्यांत मात्र चूक पकडण्याची घाई नको. भोर घाटाची मूळ चढण सुमारे पावणेसोळा मैलांची, त्यात चढायची उंची १८३१ फूट आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट. वाटेत एका स्थानकात गाडी उलट दिशेने वळवून घ्यावी लागे. ते स्थानक १९२९ मध्ये नव्या आखणीमुळे गेलं, म्हणून १८६३ चं वर्णन आणि १९३० नंतरचं वर्णन यांत बोगद्यांची संख्या जुळणारच नाही. आकडा कुठल्या सालचा आहे, ते पाहा.

बांधकामासाठी मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी १८६० मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेत वाचलेला निबंध मिळवा. पण हा निबंध घाट पुरा होण्याआधीचा आहे, हे ध्यानात ठेवा. मजूर, कंत्राटदार आणि साथीचे रोग यांसाठी इयन कर यांचा १९९५ चा अभ्यास घ्या. तो सगळ्या हिंदुस्थानावर असला तरी घाटाबद्दल त्यात भरपूर आहे. इंजिनांसाठी ह्यू ह्यूजेस यांच्या सूचीचा ब्रॉडगेजचा पहिला भाग पुरतो. तिथे गोष्टी शोधू नका, नुसते तक्ते आहेत. ठाणे (१८८२) आणि पुणे (१८८५) जिल्ह्यांची जुनी गॅझेटियरं, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, घ्याच. त्यांत रेल्वेबरोबर बाजार, रस्ते आणि मालाची वाहतूकही येते. मराठीत गोविंद नारायण माडगांवकरांचं १८६३ चं मुंबईवर्णन आहे. आगगाडीकडे त्या काळचे लोक कसे पाहत होते, यासाठी ते अनमोल. आकड्यांसाठी मात्र दुसरीकडे जा.

जुन्या ग्रंथांची मागणीनुसार छापलेली स्वस्त पुनर्मुद्रणं मिळतात. त्यांतला नेहमीचा घोटाळा म्हणजे घडीचे नकाशे. स्कॅन करणाऱ्याने घडी उघडलेली नसते, म्हणून नकाशाच्या जागी अर्धी रेघ किंवा कोरं पान येतं. मागवण्याआधी इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावरची स्कॅन केलेली प्रत पानोपान पाहा, आणि नकाशा हवाच असेल तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसारख्या ग्रंथालयात मूळ प्रत मागा.

स्कॅनमध्ये शब्द शोधताना आजची इंग्रजी स्पेलिंगं चालत नाहीत. ठाण्यासाठी टी-ए-एन-एन-ए-एच, कल्याणसाठी सी-ए-एल-एल-आय-ए-एन अशी जुनी रूपं घालून बघा. अंकांचा मजकूर यंत्राने वाचलेला असेल तर ३ आणि ८ यांची अदलाबदल होते. तक्ता नेहमी पानाच्या चित्रावरून उतरवा.

खर्चाचे आकडे पौंडांत असतील तर आणखी एक पेच आहे. कंपनीच्या करारात रुपयाचा दर १ शिलिंग १० पेन्स धरला होता, म्हणजे पौंडाला सुमारे १० रुपये १५ आणे. काही लेखक सरळ १० रुपयांनी गुणतात, आणि एकाच मैलाचा खर्च दोन पुस्तकांत नऊ टक्क्यांच्या आसपास वेगळा दिसतो. ज्यात हिशेबाचा दर छापलेला असेल, तेच पुस्तक आकड्यांसाठी वापरा.