धरणं आणि मासे: पहिल्या वर्षी मी कुठे कुठे माती खाल्ली

नदीतल्या माशांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू असं विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. क्रम वगैरे लावलेला नाहीये, आठवेल तसं.

माझं पहिलं प्रोजेक्ट कागदावर फार सोपं होतं. धरणाच्या वर मासे मोजायचे, खाली मोजायचे, फरक दिसला की झालं काम. चार महिने जाळी ओढून यादी केली तर दोन्हीकडे जातींचा आकडा जवळजवळ सारखाच! मला टेन्शन, आता धरणाने काहीच झालं नाही असं लिहायचं की काय. गाइडनी यादी हातात घेतली आणि एवढंच विचारलं, अगं आकडा सोड, यातले वाहत्या पाण्याचे किती? मग एकेक जात घेऊन बसले तर फुगवट्यातल्या (धरणाच्या वर तुंबलेल्या पाण्यातल्या) बहुतेक जाती कुठल्याही तळ्यात मिळतील अशा, त्यातही काही बाहेरून आणून सोडलेल्या. आणि ते दगडाला चिकटून राहणारे चपटे छोटे मासे असतात ना, पोटाखालचे पर पसरून वाटीसारखे झालेले, ते एकही नाही. जाणारे गेले, कुठेही जगणारे आले, बेरीज तीच. तेव्हापासून मी आधी नावं बघते, आकडा नंतर.

पाणी थांबलं की माशाचं काय बिघडतं हे मला अंड्यांवरून समजलं. चीनमधल्या यांगत्से नदीतले मोठे कार्प मासे पूर आला की वाहत्या पाण्यात अंडी सोडतात, ती पाण्याबरोबर लांबवर वाहत जातात आणि वाटेतच पिल्लं बाहेर येतात. मध्ये जलाशय आला की प्रवाह मंदावतो, अंडी तळाला बसतात, गाळाखाली जातात, संपलं. म्हणजे मोठ्या माशाला वर चढायला शिडी (फिश लॅडर, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट) बांधून दिली तरी खाली येणाऱ्या अंड्यांचा प्रश्न तसाच. नवीन लोक फिश लॅडर बघून फार लवकर खूश होतात, मीही झाले होते.

धरणाच्या खालची गंमत वेगळी. खोल जलाशयाच्या तळातून पाणी सोडलं तर ते गार असतं, बऱ्याचदा ऑक्सिजन कमी, आणि गाळ वर अडकलेला असल्यामुळे हे रिकाम्या हाताने आलेलं पाणी खालची वाळू आणि बारीक गोटे उचलून नेतं, अंडी घालायची जागाच जाते. थर्मामीटर सोबत ठेवा, माझं पहिल्या सीझनचं तापमान नोंदवायचंच राहिलं होतं आणि ते परत मिळत नाही.

मोठी उदाहरणं तुम्हाला माहीत असतीलच. 1975 ला गंगेवर फरक्का बॅरेज (नदीवरचा आडवा बांध) सुरू झालं, त्याआधी हिलसा मासा समुद्रातून गंगा-यमुनेत शिरून पार आग्रा-दिल्लीपर्यंत चढायचा. 1981 ला गेझोउबा धरणाने यांगत्से अडवली, तिथला चायनीज पॅडलफिश हा मासा 2003 नंतर कुणाला दिसला नाही आणि 2022 मध्ये आययूसीएनने (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

पण माझं मत विचाराल तर लहान बंधाऱ्यांकडे बघा, तिथे काम करणारे कमी आहेत. युरोपात 2020 साली हिशोब लागला तेव्हा नद्यांवर किमान 12 लाख अडथळे निघाले आणि त्यातले दोन तृतीयांशाहून जास्त दोन मीटरपेक्षा कमी उंचीचे! आता गणित बघा, एका बंधाऱ्यावरून 100 पैकी 80 मासे पार होतात म्हटलं तर चांगलंच वाटतं, पण असे पाच ओळीने असले तर वर पोचतात 33. हे कनेक्टिव्हिटीचं (नदी किती सलग उरली त्याचं) गणित आणि थोडं जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशांचं काम) आधीच शिकून घ्या, मी उशिरा शिकले.

फील्डवरची एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. मी पकडलेले सगळे नमुने थेट फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवायचं रसायन) टाकले, नंतर दोन जातींबद्दल शंका आली तेव्हा कळलं की फॉर्मलिनने डीएनए खराब होतो. आधी पराचा छोटा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवायचा, मग मासा फॉर्मलिनमध्ये. आणि बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून माझ्या अकरा बाटल्या बेवारस झाल्या, कुठल्या साइटच्या होत्या ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे धरणाआधीचा डेटा नसतो. म्युझियममधल्या जुन्या बाटल्या आणि म्हातारे मासेमार, बहुतेक वेळा एवढंच हाताशी असतं. मासेमारांना फोटो दाखवून विचारा, नाव विचारत बसू नका, एकाच माशाला दहा मैलांवर दुसरं नाव असतं. म्हणूनच एल्व्हा नदीचं काम मला आवडतं. अमेरिकेत तिथली दोन धरणं काढायचा कायदा 1992 ला झाला, तोडायला सुरुवात 2011 ला, त्यामुळे मधल्या वर्षांत आधीची स्थिती नोंदवायला वेळ मिळाला. 2012 मध्ये खालचं धरण निघालं आणि त्याच वर्षी सॅमन वर पोचले, जिथे जवळपास शंभर वर्षं ते गेले नव्हते. तर एखादा जुना बंधारा काढणार अशी कुणकुण लागली की फंडिंगची वाट बघू नका, जाळं आणि थर्मामीटर घेऊन आधीच्या पावसाळ्यातच तिथे जा.