साठीनंतर वजन उतरलं म्हणून खूश होऊ नका

शुगर निघाली की आपल्याकडे पहिली कात्री ताटाला लागते. भात बंद, रात्री एकच पोळी, वर पातळ वरण. काही महिन्यांत चार-पाच किलो उतरतात, शेजारपाजारचे कौतुकही करतात. पण जिना चढताना हात कठड्याकडे जायला लागला असेल, तर चरबीबरोबर स्नायूही गेले समजा. म्हातारपणी पडणं, खुबा मोडणं इथूनच सुरू होतं. शिवाय जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त स्नायूच ओढून घेतात. तेच घटले तर शुगर आवरणार कशी?

घरीच तपासा. हात छातीवर बांधून खुर्चीतून सलग पाच वेळा उठा-बसा. 15 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांतली ताकद कमी झाली आहे.

उतारवयात रोज किलोमागे साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. आता आपल्या ताटाचा हिशेब करून बघा. सकाळी अंडी किंवा मुगाचं धिरडं, दुपारी डाळ-दही, संध्याकाळी फुटाणे, रात्री झुणका, असं दिवसभर वाटून घ्या. तर्री-पोहे सोडवत नसतील तर ठेलेवाल्याला सांगा, चणे जास्त, तर्री नावाला. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

नागपूरच्या फुटाळा तलावावर चक्कर मारली की व्यायाम झाला, हाही गैरसमज. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगतेच, पण त्यासोबत किमान दोन दिवस ताकदीचाही सांगते. वरची उठबस आणि भिंतीला हात टेकून दंड, सुरुवातीला एवढंही पुरे.

संत्री सोलून खा. रस काढला की चोथा जातो आणि साखर भराभर चढते.

खर्र्याबद्दल (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) "तंबाखू कमी टाकायला सांगतो" हे समर्थन ऐकून कान किटले. नुसती सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2003 मध्येच जाहीर केलं आहे. सुपारीने तोंड आखडून आपली तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर दातांच्या डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.

आणि मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की तहानेच्या भरवशावर राहू नका. वयाबरोबर तहान लागणंच कमी होतं. ठरावीक वेळाने पाणी प्या. बीपी असेल तर ताकात मीठ टाकू नका, जिरेपूड पुरते. बीपीच्या गोळीने लघवी जास्त होत असेल तर उन्हाळा लागतानाच डॉक्टरांना डोस विचारून घ्या, स्वतःहून बंद करू नका.